दुसऱ्या बाजूची खाच

सांगली, २० जानेवारी १९४६

जोतीराम यांस मनूचा सांगलीहून नमस्कार.

पत्र मिळालं. फौजेतून सुटून तुम्ही रहिमतपूरला घरी पोचलात, एवढं त्यात आहे. बाकी फारसं काही नाही. उजव्या हाताला लागलं होतं आणि आता बरं आहे, हे आत्तींनी आईला आधीच कळवलं होतं. 'बरं आहे' हे मी दवाखान्यात रोज ऐकते. त्याचा अर्थ जखम मिटली, इतकाच. हात कितपत चालतो ते लिहावं.

पत्रातली शाई ओळीओळीला पसरली आहे. घरात टीपकागद नसावा. सोबत दोन तुकडे घालते. ओळ संपली की वरून दाबायचा, घासायचा नाही.

माझ्याविषयी: नर्सिंगची परीक्षा गेल्या वर्षी पास झाले. तेव्हापासून इथल्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीत आहे. हत्यारं उकळणं, पुसणं, त्यांची धार आणि सांधे पाहणं माझ्याकडं. काम मला आवडतं. त्याबद्दल तुमच्याकडं कोणी काही बोलत असेल तर बोलू द्यावं.

तुम्ही लढाईवर निघालात त्या दिवशी स्टेशनवर मी तुम्हाला एक मिटता चाकू दिला होता. बाजारचा, स्वस्तातला, शिंगाच्या मुठीचा. आहे की हरवला? हरवला असेल तर तसं लिहा. लढाईत माणसं हरवतात, तिथं चाकूचं काय.

शेवटची गोष्ट. लढाई संपली की लग्न, असं सुपारी फुटली तेव्हा दोन्ही घरांनी ठरवलं होतं. लढाई संपली. आई तारीख विचारते आणि आत्ती उत्तरात पिकापाण्याचं लिहितात. तारखेचं तुम्ही लिहावं.

तिळगूळ वेगळ्या पुडीत आहे.

मनुबाई


रहिमतपूर, २ फेब्रुवारी

मनूस जोतीरामाचा रामराम.

टीपकागद पोचला. तिळगूळबी पोचला, पन टपालवाल्यानं त्याच्यावर बसून परवास केला आसावा. समदा भुगा. आईनं बोट वलं करून करून पुडी चाटून पुसून संपवली आनि म्हनली, पोरीच्या हाताला गोडी हाय. म्हनलं, हाताला आसंल, बोलन्याला न्हाई.

ह्ये 'तुमी' कवापास्नं? मामाच्या मळ्यात आंब्यावरनं मला ढकललं हुतंस आनि माजा फुडचा दात अर्धा तुटला, तवा मी 'तू' हुतो. 'तू मुद्दाम पडलास' म्हनून वर मामीकडं चाडी केली हुतीस. आता चार बुकं शिकलीस म्हनून आमी 'तुमी' झालो. बरं हाय.

हाताचं काय लिवायचं. हात हाय.

चाकू हरवला न्हाई. इटलीत लय थंडी, मनू. तिथं त्यानं डबं उघडलं, बुटाच्या नाड्या कापल्या, सुकी रोटी कापली. एकदा एका म्हातारीची बकरी तारंत गुतली हुती. आमी तिला सोडवली तर म्हातारीनं माजा मुका घेतला. म्हातारीनं. बकरीनं न्हवं. तुला खरं ते सांगितल्यालं बरं.

तर त्यो चाकू ह्या पारसलातनं परत धाडतोय. आता उघडत न्हाई. मला त्याचा उपेग न्हाई. तूच ठिवून घे.

तारखंचं मामीला सांग, घाई नगं. उसाचा हंगाम हाय, गुऱ्हाळ चालू हाय. मानसाला सवड न्हाई.

जोतीराम


सांगली, १० फेब्रुवारी

जोतीराम यांस नमस्कार.

चाकू मिळाला. तपासला. उघडतो.

सविस्तर लिहिते. पातं सरळ आहे. धार गेलेली नाही, कोणीतरी दगडावर लावून ती राखली आहे आणि बरी राखली आहे. मुठीतला खिळा ढिला नाही. पाठीची स्प्रिंग कडक आहे, पण नव्या चाकूत असते तेवढीच. सांध्यात थोडी माती होती, ती काढून तेल दिलं. मातीनं काही अडत नव्हतं. मी उघडला. आमच्या मेट्रनबाईंनी उघडला. त्यांची बोटं संधिवाताची आहेत. "चांगला आहे की, कुणाचा?" म्हणाल्या. मी सांगितलं, एका पेशंटचा.

तेव्हा तक्रार चाकूबद्दल असेल तर ती टिकत नाही.

सुपारी फुटलेल्या मुलीनं दिलेली वस्तू परत येण्याचा आणखी एक अर्थ होतो. पार्सल सोडलं तेव्हा आई इथं आली होती. तिनं तो अर्थ लगेच काढला आणि पदर डोळ्याला लावला. मी काढलेला नाही. अर्धवट माहितीवर निदान करायची मला सवय नाही.

माहिती म्हणून कळवते: जतचं एक स्थळ आलं आहे. मुलगा तिथल्या संस्थानच्या कचेरीत कारकून आहे. आईनं त्यांना शिमग्यापर्यंत थांबवलं आहे. त्यापुढं ती थांबवेल असं वाटत नाही.

हात कितपत चालतो, हा प्रश्न मी विचारला होता. 'हात हाय' हे त्याचं उत्तर नव्हे.

चाकू माझ्याकडं आहे. परत कधी पाठवू?

मनुबाई


रहिमतपूर, १८ फेब्रुवारी

मनूस रामराम.

तुज्या हातात उघडत आसंल. तुजं हात दवाखान्याचं. तुमी मानसं उघडून बघता, चाकूचं काय घिऊन बसलीस. नगं धाडूस.

जतचं आईला सांगितलं. ती लय रडली, मग माज्यावर वरडली, मग मला जेवाय वाढलं. मी म्हनतो, चांगलं स्थळ हाय. कारकून मानूस, हातपाय धड, सावलीतलं काम. तिकडं पानी कमी म्हनत्यात, पन कारकुनाच्या घरी घागर भरून कुनी ना कुनी आनतंय. तू हो म्हन. मामीला सांग, आमची काई तक्रार न्हाई. सुपारी आमीच फोडली हुती, आमीच विसरलो म्हना.

माज्या डोळ्याम्होरं आजून ती स्टेशनावरची मनू हाय. गाडी हालली तरी तू रडली न्हाईस. चाकू हातात दिलास आनि म्हनलीस, 'वापरून झाला की पुसून मिटायचा, वला मिटायचा न्हाई.' समद्यांच्या बायका, भैनी रडत हुत्या आनि माज्यासंगं ह्यो हुकूम आला. डब्यातली पोरं लय हसली. पन मी कवाच वला मिटला न्हाई.

आता पत्र लिवू नगंस.

जोतीराम


सांगली, २३ फेब्रुवारी

जोतीराम,

चाकू पुन्हा पाहिला. पहिल्यांदा मी पातं, खिळा, स्प्रिंग पाहिली, मूठ पाहिली नाही. ती माझी चूक. हत्यार पाहताना आम्ही कापणारा भाग पाहतो, धरायचा भाग पाहत नाही.

मुठीच्या शिंगावर खालच्या टोकाला पोचे पडले आहेत. एका बाजूला वरच्या दातांची ओळ, दुसऱ्या बाजूला खालच्या. वरच्या ओळीत पुढं एका दाताची जागा मोकळी आहे. तो दात कसा तुटला हे मला माहीत आहे. मी ढकललं होतं.

म्हणजे तू चाकू दातात धरून उघडतोस.

तुझी तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले. टीपकागद पाठवल्यावरही शाई पसरलेलीच आहे, आणि प्रत्येक अक्षर डावीकडून उजवीकडं पुसलं गेलं आहे. लिहिणारा हात ओल्या अक्षरावरून घासत पुढं जातो तेव्हाच असं होतं. उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा हात लिहिलेल्यावरून जात नाही. हे मी पहिल्याच पत्रात ओळखायला हवं होतं. तुला टीपकागद पाठवत बसले.

आणि 'हातपाय धड' असं कोणी स्थळाविषयी उगीच लिहीत नाही.

उजव्या हाताचं काय झालं आहे ते मला लिही. बोटं किती, सांधे किती, काय वाकतं, काय वाकत नाही. शब्द जपून वापरू नकोस. मी दिवसभर हेच पाहते आणि त्यानं मला भोवळ येत नाही. मला त्रास न सांगण्यानं होतो.

मनू


रहिमतपूर, ३ मार्च

मनू,

हे पत्र लिवायला दोनदा बसलो आनि दोनदा उठलो. आता तिसऱ्यांदा बसलोय.

उजवा अंगठा न्हाई. त्याच्या शेजारचं बोट न्हाई. तोफगोळ्याचा तुकडा लागला आनि दोन्ही गेली. बाकीची तीन हायत, वाकत्यात, जोरबी हाय. तितं दवाखान्यात एक नर्स माज्याकडनं डाव्या हातानं अक्षरं गिरवून घ्यायची. गोरी हुती, पन तुज्यावानीच करडी. अक्षर वाकडं आलं की पाटी पुसून परत. मी मनात म्हनायचो, घरी एक हायच, हितंबी देवानं तीच धाडली.

दातानं चाकू उघडायचो ते खरं. फौजेत कुनाला काय वाटायचं न्हाई. तितं एकाला कान न्हाई, एकाला पाय न्हाई. हितं आलो आनि गुऱ्हाळावर गडी बसलं हुतं. कांडं सोलायला मी चाकू काढला आनि तोंडात धरला. केरबा म्हनला, "आरं गड्या, फौजेत चाकू खायला शिकवत्यात व्हय?" समदी हसली. मीबी हसलो. केरबा वाईट न्हाई, त्याला ठावं न्हवतं, हात उपरन्यात हुता. पन घरी येऊन चाकू पुडीत बांधला आनि तुला धाडून दिला.

आता सुपारी कातरायची, आईला हाक. पायात काटा मोडला, आईला हाक. बैलाच्या दाव्याची गाठ बसली, आईला हाक. ती पदराला हात पुसत येती आनि काईच बोलत न्हाई. ती बोलली आसती तर बरं झालं आसतं. मामीला तिनं समदं कळवलं न्हाई ते भ्यापाई. सोयरीक मोडंल म्हनून. तिला दोष दिऊ नगंस.

तुला न्हाई लिवलं त्याचं कारन सांगतो. आमच्यात हळद लागल्यापास्नं अक्षता पडंस्तवर नवरदेवाच्या उजव्या हातात लिंबू खोचल्याली कट्यार आसती, तुला ठावं हाय. समदा गाव त्या हाताकडंच बघनार. आनि अंतरपाट निघाल्यावर तुजा हात हातात घ्यायचा त्यो कशानं घिऊ? खेकड्यावानी? तू दिवसभर तुटकीफुटकी मानसं बघतीस. घरी आल्यावर तरी एक धड दिसावं, आसं मला वाटलं. ह्यात माजं काय चुकलं?

त्या पत्रात तू मला 'तू' लिवलंस. ते पत्र येगळं ठिवलंय.

जोतीराम


सांगली, १५ मार्च

जोतीराम यांस नमस्कार.

आता माहिती पुरेशी आहे.

गेल्या आठवड्यात गुरुवारी मला सुटी होती. सकाळी उठल्यावर उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पट्टीनं गुंडाळून बाद केलं आणि दिवस तसाच काढला. काय काय दिसलं ते लिहिते. वेणी येत नाही. भाकरी थापता येते, पण ती कोणाला वाढण्यासारखी होत नाही. लुगड्याच्या निऱ्या धरायला मेट्रनबाईंना बोलवावं लागलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. तुम्ही आत्तींबद्दल लिहिलं आहे ते तेव्हा कळलं. बादली उचलता येते. दार ओढता येतं. उरलेली तीन बोटं तळव्यावर फार पक्की मिटतात. मला वाटलं होतं त्याहून पक्की.

संध्याकाळी पट्टी सोडली. तुम्हाला ती सोडता येत नाही, हे माझ्या लक्षात आहे.

आता चाकूचं. उजव्या हाताच्या तीन बोटांत आणि तळव्यात मूठ नीट बसते. म्हणजे दातांची गरज नाही. पातं डाव्या अंगठ्याच्या नखानं ओढायचं. मी ओढलं आणि नख घसरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा घसरलं. बराच वेळ मला वाटत होतं, माझा डावा हात बिनकामाचा आहे. मग चाकू उलटून पाहिला. नख अडकवायची ती बारीक खाच पात्याच्या एकाच बाजूला असते. चाकू डाव्या हातात धरला की ती उजव्या अंगठ्यासमोर येते. उजव्या हातात धरला की ती पलीकडं जाते आणि डाव्या नखाखाली नुसतं गुळगुळीत पोलाद राहतं. हा चाकू उजव्या माणसासाठी केलेला आहे. उघडत नाही हे तुम्ही लिहिलं होतं ते बरोबर होतं. मी तक्रार टिकत नाही असं लिहिलं. ते मागं घेते.

दवाखान्याच्या हत्यारांना धार लावायला वजीर शिकलगार येतात. हा चाकू मी त्यांच्याच दुकानातून घेतला होता. काल पुन्हा सुटी होती, तेव्हा दुकानी जाऊन त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी उघडला, मिटला, कानाशी धरून टक्‌ आवाज ऐकला.

"सिस्टर, ह्याला काय झालंय? माझा चाकू हाय. चार वर्सात खिळा हालला न्हाई."

"डाव्या हातानं उघडून दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी प्रयत्न केला. नख घसरलं. माझ्याकडं पाहिलं, पुन्हा प्रयत्न केला.

"आरं तिच्या! डावखुरा गिऱ्हाईक हाय व्हय? आधी बोलायचं न्हाई का!"

"डावखुरा नाही. लढाईवरून आलाय."

मग ते हसले नाहीत. चाकू मांडीवर ठेवून म्हणाले, "कोन तुमचा?"

मी म्हटलं, "आतेभाऊ."

"नुसता आतेभाऊ? नुसत्या आतेभावासाठी कुनी सुटीच्या दिवशी ह्या उन्हात शिकलगाराच्या दारात येत न्हाई, बाई."

खाच कुठं हवी ते मी बोटानं दाखवलं. त्यांनी पात्याच्या दुसऱ्या बाजूला नवी खाच पाडली. हळू हळू, पाण्यात बुडवत, पोलाद तापून नरम पडू नये म्हणून. मी जुनी खाच घासून टाकायला सांगितली. तिचा आता उपयोग नाही. ते ऐकेनात. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ती. ह्या बाजूनं त्यो उघडंल, त्या बाजूनं तुमी. एका घरात दोन चाकू कशाला?"

जुनी खाच राहिली आहे.

स्प्रिंगही ते नरम करून देत होते. मी थोडीच नरम करू दिली. सैल स्प्रिंगचं पातं काम करताना बोटांवर मिटतं, आणि आता तुमच्याकडं वाया घालवायला बोटं नाहीत. दातांचे पोचे त्यांना घासून काढायचे होते. ते मी काढू दिले नाहीत. मूठ त्यामुळं घसरत नाही.

चाकू सोबत आहे. पहिले काही दिवस नख दुखेल. एकट्यानं सराव करा, मग लोकांत.

तुम्ही विचारलं आहे, ह्यात माजं काय चुकलं. एवढंच चुकलं, की मला काय पाहायला आवडेल ते मला न विचारता ठरवलंत. घरी काही उघडत नसेल तर ते का उघडत नाही हे पाहायला मला आवडतं. माणूस धड आहे की नाही हे मी वेगळ्या गोष्टींवरून पाहते. ओला चाकू तुम्ही कधी मिटला नाहीत.

जतला नकार कळवला आहे. शिमग्याच्या आधीच कळवला, आणि चाकूची खाच पाडायच्याही आधी. चाकू दुरुस्त झाला नसता तरी तेच उत्तर होतं. हे स्पष्ट असावं म्हणून लिहिते.

मनू


रहिमतपूर, २८ मार्च

मनूस जोतीरामाचा रामराम, आनि आईचा आशीर्वाद. ती शेजारी बसून 'काय लिवलंस, काय लिवलंस' करतीया.

उघडला! पयल्या दिशी न्हाई. नख मोडलं. दुसऱ्या दिशी बी न्हाई, मी चाकूला लय शिव्या घातल्या, त्यातल्या काई इटलीच्या हुत्या. तिसऱ्या दिशी गोठ्यात बसलो हुतो, बैलाकडं बघत, आनि टक्‌. म्हशीनं मान वळवून बघितलं. मिटला, परत टक्‌. म्हशीला कट्टाळा आला तरी माजं चालूच.

मग काय इचारतीस. घरातलं जे दिसंल ते कापत सुटलो. सुपारी कातरली, आईनं एक खांड तोंडात टाकलं. दोरी तोडली. नवंकोरं पोतं उसवलं, ते उसवायचं न्हवतं. आई बोलली, मग थांबली, मग म्हनली, "आता मला कोन हाक मारनार रं?" आनि चुलीकडं जाऊन धुरानं डोळं चुरचुरत्यात म्हनाय लागली. चूल पेटल्याली न्हवती.

गुऱ्हाळावर गेलो. उपरनं खांद्यावर टाकलं, हात उघडा ठिवला. समद्यांनी बघितला.  चाकू काढला, कांडं मांडीवर घेतलं, टक्‌. केरबा म्हनला, "आज खाल्ला न्हाईस व्हय?" म्हनलं, "न्हाई. आज तुजा कान कापायचा हाय, म्हनून मोकळा ठिवलाय." लय हसला. मग त्यानं माज्या हातातनं चाकू घेतला, उलटापालटा करून बघितला आनि म्हनला, "दोन बाजूला खाचा? ह्ये कुनाचं डोस्कं?" म्हनलं, "तुला कशाला पायजे." तर म्हनतो, "मला पन आसा एक आनून दे." त्याची दोन्ही हातांची बोटं शाबूत हायत, मनू. तरीबी पायजे.

आडचन आता एकच. वैशाखातली तारीख आईला आनि मामीला दोघींना पटली हाय. पन माजं चुलतं लालातात्या आडून बसल्यात. त्यांचं म्हननं, पाटलांची कट्यार आनायची आनि ती नवरदेवाच्या उजव्या हातातच पायजे, डाव्या हातात धरली तर देवाला चालत न्हाई आनि सोयऱ्यात हसं हुतं. ती कट्यार मी धरून बघितली. जड हाय. तीन बोटात हलती. मांडवाकडं निघाल्यावर लिंबासकट कुनाच्या तरी डोस्क्यात पडंल. मी म्हनलं, माजा चाकू धरतो, डाव्या हातात. तात्या म्हनलं, "कांदा कापायचा चाकू घिऊन लगीन लावतोस व्हय रं?"

मी त्यांच्याम्होरं जास्ती बोलत न्हाई, बापाच्या जागी हायत. तूच काय ते सांग. आनि दुसरी गोष्ट, ती खेकड्याची. त्याचं तू काईच लिवलं न्हाईस.

जोतीराम


सांगली, ६ एप्रिल

जोतीराम,

तात्यांच्या शंकेबद्दल मी इथल्या भटजींना विचारलं. ते आमच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढून घ्यायला आले होते आणि पट्टी सुटेपर्यंत त्यांना दुसरं काम नव्हतं, त्यामुळं त्यांनी नीट विचार करून सांगितलं. म्हणाले, "बाई, हळद लागलेल्या मुलाजवळ लोखंड असावं, म्हणजे वारं लागत नाही, एवढंच. तलवार आहे की विळा, ते लोखंड विचारत नाही. हात कुठला, हे तर आजवर मला कोणीच विचारलं नाही." हे तात्यांना सांगावं. मी विचारलं असं सांगू नकोस, भटजी म्हणाले असं सांग.

सोयऱ्यांच्या हसण्याचा प्रश्न उरतो. आईशी बोलले. माझ्याही हातात हळदीपासून लोखंड असतंच. वजीर शिकलगारांकडून मी याच जातीचा दुसरा चाकू घेतला आहे. तोही दोन्ही बाजूंनी खाच पाडून. मी तो डाव्या हातात धरणार आहे. नवरा आणि नवरी दोघांच्याही डाव्या हातात दिसलं की लोक म्हणतील, यांच्यात अशी रीत असावी. पुढच्या वर्षी एखाद्या घरात तसं करतीलही. वजीरभाई दुसरा चाकू देताना म्हणाले, "मी म्हनलं हुतं एका घरात दोन चाकू कशाला? आता घ्या." त्यांना लग्नाला बोलावलं आहे. केरबाचा चाकू ते घेऊन येतील.

तुझ्या चाकूसाठी सूचना. लिंबू कडक सालीचं घ्यावं, फार रसाळ नको. लिंबाच्या रसानं पोलाद काळं पडतं, म्हणून लिंबू टोकालाच खोचावं, सांध्यापर्यंत रस जाऊ देऊ नये. रात्री लिंबू काढून पातं धुवावं, कोरडं करावं, खोबरेलाचा हात फिरवावा, सकाळी नवं लिंबू. हे काम आत्तींना सांगू नये, स्वतः करावं. इतकं करूनही डाग पडेलच. पडू दे. तेवढा एक डाग मी घासून काढणार नाही.

राहिली खेकड्याची गोष्ट. त्या गुरुवारी पट्टी सोडायच्या आधी मी तीन बोटांनी आणखी एक गोष्ट करून पाहिली होती, ती पत्रात लिहिली नव्हती. मेट्रनबाईंना म्हटलं, जरा हात द्या. त्यांचा हात माझ्या तीन बोटांत आणि तळव्यात धरला आणि त्यांना ओढून सोडवायला सांगितलं. त्यांना सुटला नाही.

म्हणून लिंबू, चाकू, जे काय असेल ते डाव्या हातात धर. उजवा मोकळा ठेव. अंतरपाट निघाला की त्याला काम आहे.

मनू